घरचे नाव घ्यायचे नाही

रस्त्याच्या कडेला कोणाचीही सायकल उभी दिसली की तात्या चालता चालता वाकत आणि तिच्या मागच्या चाकावर अंगठा दाबून पाहत. सायकल कोणाची, मालक जवळपास आहे का, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. चाक कडक लागले तर समाधानाने पुढे जात. मऊ लागले तर मालकाला शोधून काढीत आणि सांगत, "हवा भर बाबा. मऊ चाकावर मानूस दुप्पट दमतो, आन् त्येला वाटतं आपलं वय झालं." आज तात्यांची आठवण झाली की मला प्रथम तो अंगठा दिसतो. चेहरा मागाहून येतो.

आमच्या पिंपळे सौदागरच्या गावठाणात भैरवनाथाचे देऊळ आहे. भोवती मोठमोठ्या सोसायट्या उठल्या, तरी देऊळ आणि त्याच्या समोरचा पिंपळाचा पार आपापल्या जागी आहेत. देवाची पूजा अनेक वर्षे माझ्याकडे आहे. सायकलींशी माझा संबंध एवढाच की, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्या पारावर जी बैठक भरते, ती देवळाच्या पायरीवर बसून मला ऐकू येते. मुंबईकडून घाट चढून पुण्याला येणारी ही एका दिवसाची शर्यत थंडीच्या अखेरीस असते आणि देशभरातले स्वार तिच्यात उतरतात. येथल्या जुन्या माणसांना तिचे वेड आहे. कारखाने नवे होते तेव्हा सगळा गाव डबा अडकवून सायकलवरूनच कामाला जात असे. ज्या वाहनावर माणसाने घाम गाळला, त्याच्या शर्यतीत त्याचे मन आपोआप गुंतते.

बैठकीचा विषय एकच, उद्या कोण जिंकणार. अशा स्वाराला तेथे 'फेव्हरेट' म्हणतात. या शब्दाची व्याख्या तात्यांनी केलेली होती आणि पारावर ती सर्वमान्य होती. "जो हरल्यावर आपल्याला वाईट वाटंल, त्यो फेव्हरेट न्हाई. जो जिकल्यावर कुनालाच नवल वाटनार न्हाई, त्यो फेव्हरेट." पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलेल्या माणसालाही या व्याख्येत दोष काढता येणार नाही. वाद करण्याची त्यांची रीतसुद्धा मला माझ्या गुरुजींची आठवण करून देई. आधी समोरच्याचा पक्ष त्याच्यापेक्षा चांगला मांडायचा, मग त्यातले उणे दाखवायचे, आणि शेवटी आपला निर्णय. निर्णय ठरला की पाराच्या कडेला जो काळा दगड आहे, त्याला हात लावून नाव घ्यायचे. दगडाला हात लावून घेतलेले नाव फिरवता येत नाही.

तात्या भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर होते. तरुणपणी ते स्वतः या शर्यतीत उतरले होते. कितवे आलात, असे कोणी विचारले की म्हणत, "नंबर इचारू नका. आमी पोचलो, येवढं लिव्हा." पायजम्याच्या उजव्या पायाला जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी बांधण्याची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. लग्नाकार्यात, स्वच्छ कपड्यांतही ती पट्टी असे. आणि पारावर चढताना ते चपला खाली काढून ठेवीत. तेथे तशी आवश्यकता नाही. बाकीचे कोणी काढीत नसत. मी एकदा त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "न्याय करायची जागा हाय, शास्त्रीबुवा."

घरचे नाव घ्यायचे नाही, हा पारावरचा नियमही तात्यांचाच. बाळासाहेब म्हणून आमच्या गावचे एक जमीनवाले गृहस्थ आहेत. त्यांनी मारुंजीला इमारती बांधून कंपन्यांतल्या मुलांना खोल्या भाड्याने दिल्या आहेत. एके वर्षी त्यांचा भाचा शर्यतीत होता. बाळासाहेबांनी दगडावर हात आपटून त्याचे नाव घेतले, आणि त्यांच्या चहाला मिंधे असलेल्या चार-सहा जणांनी पाठोपाठ तेच नाव घेतले. दुसऱ्या दिवशी भाचा घाटातच शर्यत सोडून गाडीत बसला. त्यावरून पारावर जी बोलाचाली झाली ती हातघाईवर आली. ती शमवताना तात्या म्हणाले, "रक्त बोलाय लागलं की डोळं मिटत्यात. हितून पुढं आपल्या घरच्याचं नाव आपन घ्यायचं न्हाई. लायक आसंल तर दुसरा घेईल." बाळासाहेबांनीही ते मान्य केले. ते वरून टोमणे मारणारे असले तरी आतून न्यायी आहेत.

तात्यांच्या निःपक्षपातीपणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका वर्षी त्यांनी एका नामांकित स्वाराला पारावर अगदी नापास केले होते, वळणावर हा घाबरतो, म्हणून. दुसऱ्या दिवशी तो स्वार निगडीच्या वळणावर खरोखरच पडला. लोक तात्यांकडे कौतुकाने पाहू लागले, तर तात्या पाण्याची बाटली घेऊन रस्त्यात धावले होते. त्याला उठवून बसवीत ते म्हणाले, "काल म्या तुला नावं ठिवली व्हती. आज पानी घे." त्या परप्रांतीय मुलाला मराठी कळत नव्हते. तो नुसता पाणी प्यायला.

अशा माणसाच्या घरी सागर जन्मला.

सागरला सायकल कोणी शिकवली हे सांगण्याची गरज नाही. पहाटे देवळाचे दार उघडताना मला नेहमी तीच जोडी दिसे. पुढे सागर सायकलवर आणि मागे तात्या जुन्या स्कूटरवर, मान एका बाजूला कललेली. ते साखळीचा आवाज ऐकत असत. सागर चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागला होता. काही महिने भरले की ठेकेदार त्याला घरी बसवी आणि पुन्हा नव्याने घेई, म्हणजे कायम करण्याचा प्रश्नच उरत नसे. तात्यांच्या मनात एकच वाट होती, खेळाडूंसाठी राखलेली सरकारी नोकरी. त्यासाठी या शर्यतीत पहिल्या तिघांत यावे लागे. आणि ज्या वर्षाची ही हकीकत आहे, ते वयाच्या अटीप्रमाणे सागरचे शेवटचे वर्ष होते.

त्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दुपारी तात्या देवळात आले. पट्टी बांधलेल्या पायावर धूळ होती. खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, देवाला कौल लावता का?"

देवाच्या अंगावर फूल चिकटवायचे, प्रश्न सांगायचा आणि उजवीकडचे फूल पडते का डावीकडचे, हे पाहायचे, अशी कौलाची रीत आमच्या देवळात आहे. लग्न, आजारपण, शेताची विहीर यांसाठी मी तो लावतो. शर्यतीसाठी कधी लावला नव्हता. मी म्हणालो, "तात्या, जय-पराजय देवाला विचारू नये."

"त्ये न्हाई इचारत. जिकनं-हरनं त्याच्या पायात हाय. येवढंच इचारा, सांच्याला पारावर त्याचं नाव कुनी घेईल का."

"ते देवाला कशाला? पारावरच्यांनाच विचारा."

"त्यांना इचारता येत न्हाई, म्हून तर तुमच्याकडं आलो."

मग त्यांनी मनातली गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पारावर ज्याचे नाव निघाले नाही, असा एकही स्वार पहिल्या तिघांत आल्याचे त्यांना आठवत नव्हते. दुसऱ्या कोणी असे म्हटले असते, तर याच तात्यांनी त्याची सालटी काढली असती. मी उठलो. स्नान करून त्यांचे शब्द जसेच्या तसे देवापुढे ठेवले. फूल उजवीकडचे पडले, म्हणजे होकार.

संध्याकाळी बैठक भरली. तात्या चपला काढून नेहमीच्या जागी बसले. फौजेतला एक स्वार, राजस्थानातून आलेला एक आणि सांगलीचा एक, अशी तीन नावे चर्चेत होती. पारावर त्यांना फौजी, बिकानेरवाला आणि सांगलीकर म्हणत.

"यंदा फौजीच," बाळासाहेब म्हणाले. "घाटात त्येला कोन धरनार?"

"घाटात न्हाईच धरायचा त्येला," तात्या म्हणाले. "पन घाट झाल्यावर त्यो मागं बघतो. ज्येला मागं बघायची सवय, त्येला पुढचं दिसत न्हाई."

"मग बिकानेरवाला," मिलिंद म्हणाला. मिलिंदचे वडील तात्यांबरोबर प्रेस शॉपमध्ये होते. तो स्वतः आता महागड्या सायकलींचे दुकान चालवतो, आणि तात्यांना काका मानतो.

"सपाटीवर वाघ हाय. पन त्येला आपली घाटातली वली थंडी सोसत न्हाई, दोन वर्सं मी बघतोय. खंडाळ्याला हातमोजं काढत न्हाई त्यो."

"मंग सांगलीकर," मागून एक जण म्हणाला.

"चांगला पोरगा. पन एकटा सुटायला भितो. शेवटपर्यंत दुसऱ्याच्या चाकामागं ऱ्हातो."

बाळासाहेब हसले. "तात्या, समदेच नापास केलेत. मंग उद्या जिकनार कोन? मोटरसायकलवरचा पंच?"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. मी पायरीवरून पाहत होतो. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, दगडाकडे जाऊ नयेत म्हणून धरून ठेवल्यासारखे. ज्या वादात ते नेहमी न्यायाधीश असत, त्यात आज ते अर्जदार होते, आणि अर्ज उच्चारायला त्यांना त्यांच्याच नियमाची बंदी होती. नंतर ते जे बोलले, तसे बोललेले मी त्यांना पूर्वी कधी ऐकले नव्हते.

"ही शर्यत घाटात ठरती, आसं समदे म्हनत्यात. न्हाई ठरत. तळेगाव मागं टाकलं की खिंडीपातुर जो रस्ता हाय ना, त्यो डोळ्याला सपाट दिसतो, पायाला चढ हाय. घाट मारून आलेली मानसं तितं जरा सैल पडत्यात, पानी पित्यात. तितं त्यो मोबाइलचा टॉवर हाय. ज्यानं घाटात दम राखलाय, पुढं जायचा हट्ट क्येला न्हाई, त्यो टॉवरपाशी एकदम सुटला तर? मागचे येकमेकाच्या तोंडाकडं बघत्यात, तू जा, तू जा. तेवढ्यात ह्यो खिंड वलांडतो. मंग पुन्यापातुर घावत न्हाई. पन त्येला त्यो रस्ता रोजच्या पायाखालचा पायजे. पहाटेच्या अंधारातबी खड्डा कुठं हाय ते ठावं पायजे."

"तात्या, थांबा, रेकॉर्ड करतो," मिलिंद म्हणाला. "काय बोलताय राव. पहिल्यापासून सांगा."

"कर की," तात्या म्हणाले. "समद्यास्नी ऐकू दे."

आणि त्यांनी ते सगळे पुन्हा सांगितले. अधिक चांगले सांगितले. टॉवर, चढ, पाण्याची बाटली, मागच्यांचे एकमेकांकडे पाहणे. त्यांच्या डोळ्यांत याचना होती, पण ती अंधार पडू लागल्यामुळे असेल किंवा भाषणाच्या ओघामुळे असेल, कोणाच्या ध्यानात आली नाही. फक्त मिलिंदने फोन खाली घेतला, क्षणभर तात्यांकडे टक लावून पाहिले, आणि वाकून काळ्या दगडावर हात ठेवला.

"माझा फेव्हरेट, आपला सागर."

बाळासाहेबांनी मान डोलावली. "व्हय की. आमच्या ध्यानातच न्हाई आलं. घे रं, माझाबी त्योच." त्यांनीही दगडाला हात लावला.

तात्यांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले आणि देवळाकडे वळून जोडले. ते मला जोडले नव्हते, हे उघड आहे. तरी मी पायरीवरून उठून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तात्या मला आग्रहाने बरोबर घेऊन गेले. "तुमी कौल लावला, तुमी बघाय पायजे." मिलिंदने आम्हाला गाडीतून टॉवरपाशी सोडले आणि तो शर्यतीच्या शेवटाकडे गेला. त्या टॉवरजवळ एक लहानसे म्हसोबाचे ठाणे आहे आणि त्यावर भगवा ध्वज आहे. तात्यांच्या सांगण्याप्रमाणे तेथे कधी कोणी उभे राहत नसे. लोक घाटात नाहीतर गावाच्या चौकात जमत. त्या दिवशी मात्र रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे होती. मोटारी लावलेल्या होत्या. मुले झाडावर चढली होती.

"येवढी गर्दी हितं कशी काय?" तात्या म्हणाले.

टी-शर्ट घातलेला एक तरुण धावत जवळ आला. "तात्या, तुम्हीच ना व्हिडिओतले? एक सेल्फी द्या ना. हाच ना तो टॉवर? रात्रीपासून सगळ्या ग्रुपवर फिरतंय तुमचं. फौजीच्या लोकांनीसुद्धा टाकलंय."

तात्यांनी त्याला फोटो काढू दिला. त्या फोटोत ते कसे दिसत असतील, याचा विचार मला आजही करवत नाही. तरुण निघून गेल्यावर ते मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, म्या काय केलं वो?" उत्तराची वाट न पाहता ते रस्त्याच्या कडेने, स्वार ज्या बाजूने येणार त्या बाजूला, चालू लागले. मग धावू लागले. त्यांचे वय धावण्याचे नव्हते.

वळणावर स्वारांचा घोळका दिसला. तात्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडू लागले, "आज न्हाई, सागर, हितं न्हाई!" मी त्यांच्या मागून जात होतो म्हणून मला ते शब्द ऐकू आले. रस्त्यावर दुसऱ्या कोणाला ऐकू येणे शक्य नव्हते, कारण व्हिडिओ पाहून जमलेली ती सगळी माणसे एका आवाजात त्यांच्या मुलाचे नाव घेत होती. "सागर, सागर."

सागर टॉवरपाशी सुटला. सांगितल्याप्रमाणे, अगदी तेथेच. पण कोणी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले नाही. फौजी, सांगलीकर आणि आणखी दोघे जणू त्याच्या चाकाला बांधलेले असावेत, तसे त्याच क्षणी त्याच्या मागे लागले. त्या दोघांतला एक बिकानेरवाला होता; त्याच्या हातात त्या दिवशी हातमोजे नव्हते. सागरने एकदा बाजूला होऊन पाहिले, कोणी पुढे येऊन जोर वाटून घेईना. त्याने पुन्हा जोर लावला, ते पुन्हा मागे. खिंड यायच्या आत मागच्या घोळक्याने त्या सर्वांना गिळले, आणि राखून ठेवलेला दम त्या अर्ध्या मैलात संपून गेला. पहिल्या तिघांत तो आला नाही. शर्यत फौजीने जिंकली.

परत आल्यावर सागर देवळात पाया पडायला आला, तेव्हा तात्या खांबाशी बसलेले होते. मुलगा वडिलांजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "आबा, वारा समोरनं लागला. टॉवरपाशी लयच वारा हुता. न्हाईतर जमलं आसतं."

तात्या म्हणाले, "व्हय. वारा हुता."

म्हसोबाच्या ठाण्यावरचा ध्वज त्या दिवशी आम्ही दोघांनीही पाहिला होता. त्याचे कापड काठीला चिकटून उभे होते. सागरने व्हिडिओ पाहिला होता की नाही, हे त्याने कधी सांगितले नाही आणि तात्यांनी कधी विचारले नाही. बापलेकांत तो वाऱ्याचा शब्द तेवढा राहिला.

मिलिंद संध्याकाळी आला. तो उभाच राहिला. "काका, मी डिलीट केलंय. सगळ्यांना सांगितलंय, काढून टाका म्हणून."

"पुसू नगं," तात्या म्हणाले. "त्ये पुसून त्याचं पाय माघारी येनार हायेत का? ऱ्हाऊ दे. तेवढंच चांगलं बोललो मी जन्मात." मग म्हणाले, "तू नाव घेतलंस. उपकार हायेत तुझे." मिलिंद देवळाबाहेर जाऊन पारावर तोंड फिरवून बसला.

मी माझ्या परीने देवाकडे पाहिले. तात्यांनी जेवढे मागितले होते, तेवढे त्यांना अचूक मिळाले होते. त्याहून अधिक कळण्याचा अधिकार मला नाही. तेव्हापासून शर्यतीच्या दिवसांत मी कौल लावीत नाही.

पुढच्या वर्षी बैठक भरली तेव्हा तात्या येतील असे कोणाला वाटले नव्हते. ते आले. चपला काढल्या, आपल्या जागी बसले. वर्षभरात ते फार वाळले होते. पट्टी पायजम्यावर सैल झाली होती. सागर तेव्हा दुसऱ्या ठेकेदाराकडे, पुन्हा चाकणलाच, कंपनीच्या बसने जात होता. वाद झाला, तात्या एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यांची नावे घेऊन झाली तेव्हा बाळासाहेब हळूच म्हणाले, "तात्या, तुमचं राह्यलं. फौजी का ह्यो नवा पंजाबी?"

तात्या वाकले आणि त्यांनी काळ्या दगडावर हात ठेवला. "सागर," ते म्हणाले.

कोणी हसले नाही. बाळासाहेब चाचरत म्हणाले, "तात्या, आवो त्यो यंदा पळत न्हाई."

"म्हून तर नाव घेता येतंय," तात्या म्हणाले. "पळत आसता तर घरचं नाव झालं आसतं."

त्यांनी हात बराच वेळ दगडावर ठेवला होता. मग उठले, चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि निघाले. कोपऱ्यावरच्या खांबाला एक सायकल टेकवलेली होती. तिच्या मागच्या चाकाकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही.

शर्यतीच्या दिवशी पूजा आटोपून मी त्यांच्या घरी प्रसाद द्यायला गेलो. रस्ते ओस होते. सगळे शर्यत पाहायला हमरस्त्यावर गेले होते. तात्यांच्या घराचे दार उघडे होते. ओसरीत सागरची शर्यतीची सायकल खिळ्यावरून उतरवून भिंतीला लावलेली होती आणि तात्या तिच्यापाशी जमिनीवर बसून पंपाने हवा भरत होते. त्यांना मी दिसलो नाही. मी दारातच थांबलो. हाक मारावी असे वाटेना. त्यांनी पंप थांबवला आणि चाकावर अंगठा दाबून पाहिला. चाक दगडासारखे झाले असले पाहिजे, कारण अंगठ्याचे नख पांढरे पडलेले मला दारातून दिसले. त्यांनी नाही अशी मान हलवली आणि पुन्हा पंप हातात घेतला.